बेबाबाईचा डी ड्राइव्ह

कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी ज्वारी-उडीद निवडायला बसले होते. ज्वारी झाली होती, उडदाचं सूप अर्धं राहिलं होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ह्यांची हाक आली, "चहा टाक चार कप. आणि बेबाला म्हणावं, धुणं राहू दे, कॉम्प्युटरचं मशीन सुरू कर."

सूप तसंच भिंतीपाशी सरकवलं. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. सन १९९८, भाद्रपदातला रविवार. खाली लिहिलंय, उडीद राहिले.

बेबाबाई माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. तेव्हा तिला एकोणतिसावं चालू होतं आणि नऊ वर्षं ती आमच्याकडेच, जळगावला होती. १९८८ च्या जेठात तिचं लग्न धुळ्याच्या अभिमनशी झालं. अकरा महिने नांदली. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. आखाजीला आमच्याकडे सगळ्याच लेकी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या खातात, आणि आठ-दहा दिवसांनी जिची तिची माणसं न्यायला येतात. बेबाबाईला न्यायला कोणी आलं नाही. झोका सोडला, मिरगाची पेरणी झाली, तरी नाही. सासूचं एक कार्ड आलं, "सध्या तिकडेच राहू द्या, इकडे अडचण आहे." अडचण कसली ते लिहिलं नव्हतं. हे दोनदा धुळ्याला जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत पाठवलं. अभिमन तोवर सुरतेला निघून गेला होता, कापड मार्केटात. त्यानं नांदवलंही नाही आणि फारकतही दिली नाही.

अशा बाईचं घरात कसं असतं ते बायकांना सांगायला नको. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण ती दळायची, ओट्या भरायची वेळ आली की मागच्या खोलीत जायची. कुंकू लावायची, पण तिच्या हातचं कुंकू घ्यायला बायका कचरायच्या. ही रीत मी घातलेली नाही. पाळली मात्र मीही.

मशीन आलं ते १९९६ साली. आमच्या समाजाचं मंडळ आहे. ते दर वर्षी दिवाळीच्या आत वधू-वरांची यादी छापतं, कारण तुळशीचं लग्न लागलं की पुढे लग्नंच लग्नं. हे मंडळाचे चिटणीस. आधी यादी हातानं रजिस्टरात लिहायचे. मग मंडळानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि तो आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवला. चालवणार कोण? बेबाबाई बारावी झालेली. तिला स्टेशनाजवळच्या क्लासात सहा महिने घातलं. फुकट काम करणारं माणूस घरातच मिळालं, असं तेव्हा हेच म्हणाले होते.

पहिल्याच वर्षी मशीन बिघडलं. विंडोज पुन्हा टाकावं लागलं आणि त्यात निम्मी यादी गेली. क्लासचे सर येऊन म्हणाले, डिस्कचे दोन भाग करा. सी मध्ये विंडोज आणि छापायची यादी ठेवा, डी मध्ये जे जायला नको ते. मशीन कितीदा बसलं तरी डी ला धक्का लागणार नाही.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा भाकरी थापताना मी विचारलं.

"डिस्क एकच असते, वहिनी," बेबाबाई म्हणाली. "आत भिंत नाही, फळी नाही."

"मग दोन कसे झाले?"

"तुमच्या बापाचं अमळनेरचं शेत दोन भावांत कसं झालं? मधे भिंत घातली का? तलाठ्यानं लिहिलं, इथून इथवर ह्याचं, इथून पुढे त्याचं. डिस्कच्या पहिल्या पानावर तसंच लिहिलेलं असतं. मशीन सुरू झालं की आधी ते पान वाचतं."

"आणि ते पान पुसलं तर?"

"मशीन म्हणतं, इथे काहीच नाही. पण शेत जागेवर असतं, पीकही असतं. फक्त उतारा गेलेला."

"म्हणजे परत मिळतं?"

"वर नवीन पेरलं नसेल तर. जाणकार माणूस काढून देतो."

मी ते वहीत लिहून ठेवलं. मला अशा गोष्टी लिहून ठेवायची सवय आहे, कीर्तनातलं असो की दवाखान्यातलं.

डी मध्ये बेबाबाईनं काय ठेवलं ते हळूहळू कळलं. यादीत नाव, वय, शिक्षण, शेती छापून यायची. पण रविवारी लोक प्रत्यक्ष यायचे. मुलीचा बाप दार लोटून घ्यायचा, खुर्ची पुढे ओढायचा आणि विचारायचा, "बेबाबाई, ह्या मुलाचं खरं काय?" कोणाला फिट येते, कोणाची बोलणी कशामुळे मोडली, कोण पितो, कोणाची पहिली अजून आहे, हे तिला दहा घरांतून कळायचं. दोन घरांनी तेच सांगितलं की ती डी मध्ये शेरा घालायची, खाली तारीख. एका घरानं सांगितलेलं घालायची नाही. तेवढी शिस्त तिची होती.

एक सांगते. हेच शेरे तिनं तोंडानं सांगितले असते तर कोणी ऐकलं नसतं. नवऱ्यानं टाकलेली बाई, ती दुसऱ्याच्या लग्नाचं चांगलं कशाला बोलेल? पण ती पडद्याकडे बोट करायची आणि लोक पुढे वाकून वाचायचे. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे खरं. त्या दिवसांत मशीनचं तसं वजन होतं. जी माणसं तिच्या हातचं पाणी घेताना इकडेतिकडे बघायची, तीच तिच्या मशीनपुढे हात जोडून बसायची.

तर त्या रविवारी मी चहा घेऊन बाहेर गेले. खुर्चीवर मंडळाचे अध्यक्ष रुपचंद नाना होते आणि कमिटीतले झुलालभाऊ. नानांच्या हातात छापखान्यातून आलेलं यादीचं प्रूफ होतं. अभिमन नानांचा सख्खा भाचा. तो सुरतेहून परत आला होता, धुळ्यात त्यानं बिजलीच्या सामानाचं दुकान टाकलं होतं, आणि ह्या वर्षी त्याचा फॉर्म यादीत आला होता. फॉर्म नानांनीच आणून दिला होता. वय चौतीस, बी.कॉम., स्वतःचं दुकान, विवाह प्रथम.

प्रूफमध्ये त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. पहिली पत्नी हयात, फारकत नाही.

"हे काय वं, बेबा?" नाना म्हणाले.

"शेरा आहे, नाना. फॉर्म खोटा होता."

"तुला कोणी विचारलं?"

"फॉर्मवर विचारलंय. विवाह प्रथम की द्वितीय."

झुलालभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले, "मंडळाच्या यादीत घरातला रुसवा कशाला आणती, माय?"

"रुसवा नऊ वर्षं टिकत नाही, झुलालभाऊ."

नाना शांतपणे बोलत होते. ते नेहमीच शांत बोलतात. "चोपड्याच्या चुडामणची मुलगी सांगून आली आहे. लता नाव, डी.एड. झालेली. पोराचा संसार उभा राहतोय. तू त्यात पाय घालू नको."

"मग आधी माझं काय ते त्यांनी लिहून द्यावं."

"तुला लिहून द्यायला तू कोण त्यांची?"

"तेच तर खाली लिहिलंय, नाना."

झुलालभाऊंना हसू आलं, ते त्यांनी बशीत लपवलं. ह्यांना आलं नाही. हे म्हणाले, "बेबा, काढ ती ओळ." तिनं काढली. यादीतून ओळ काढायला किती वेळ लागतो? बटण दाबलं, गेली.

मला वाटलं झालं. मी कप गोळा करायला लागले.

"आता ते दुसरं," नाना म्हणाले. "रविवारी लोकांना वाचून दाखवती ते. चुडामण येणार, तुला विचारणार, तू त्याला पडदा दाखवणार. समाजाची यादी एकच पाहिजे. छापील. दुसरी चोरटी यादी नको."

"त्यात नुसतं तुमच्या भाच्याचं नाही, नाना. साठ-सत्तर घरांचं आहे. त्यावरून मुली वाचल्यात."

"म्हणूनच म्हणतो, सगळंच काढ."

झुलालभाऊंनी मान डोलावली. त्यांच्या मुलाची बोलणी दोनदा मोडली होती, दारूपायी, आणि तो शेराही त्यात होता. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. "आणि फाइल पुसून नको देऊ," ते म्हणाले. "माझा पुतण्या सांगत होता, पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात जातं न् परत निघतं. डी च काढून टाक. मुळापासून."

बेबाबाईनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. नाना उगाच विषय बदलल्यासारखे माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, भुसावळच्या पाहुण्यांकडे शनिवारी जातोय. तुमच्या थोरल्या लेकीसाठी शब्द टाकतो." एवढंच बोलले.

"बेबा," हे म्हणाले, "पुस."

ती उठली नाही, रडली नाही. एक फ्लॉपी घातली आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला, वर पांढरी अक्षरं. तिनं एक आकडा दाबला, मग दुसरा. मग पडद्यावर एक छोटा तक्ता आला. डी, त्यापुढे इंग्रजीत एक नाव, त्यापुढे जागा किती ते.

"हाई सुवर्णा कोन शे?" झुलालभाऊंनी अक्षरं जोडून वाचलं. चहा पोटात गेला की ते गावाकडचं बोलतात.

नाना प्रूफाची घडी घालायला लागले.

"कोन्या मास्तरनी पोर का?" ते हसले.

हे म्हणाले, "बेबा, कोण सुवर्णा?"

"डी ला नाव द्यावं लागतं. दिलं," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "असेल एखाद्या कंपनीचं."

मी ट्रे धरून दारात उभी होते. सुवर्णा कोण ते मला माहीत होतं. धुळ्याला मांडवात ताटात तांदूळ पसरले होते, अभिमननं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, आणि मी बेबाबाईच्या मागे उभी राहून ते वाचून बायकांना सांगितलं होतं. सासरचं नाव. अकरा महिने तिला त्या नावानं हाक मारली. ह्यांना आठवत नव्हतं, कारण तेव्हा हे पंगतीची व्यवस्था बघत होते. नाना मात्र नवरदेवाचे मामा म्हणून पाटामागेच उभे होते.

मशीनची एक तऱ्हा असते. भाग काढून टाकायचा तर त्याचं नाव आपल्या हातानं लिहावं लागतं. उगाच चुकून कोणाचं पुसलं जाऊ नये म्हणून. बेबाबाईनं नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं. मशीननं नाव जुळत नाही म्हणून सांगितलं.

"सोतानंच ठेवेल नाव ईसरनी का?" झुलालभाऊ म्हणाले.

तिनं पुन्हा एकेक अक्षर बघून लिहिलं. मग मशीननं विचारलं, खरंच काढायचं का. तिनं हो दाबलं. तक्त्यातली ती ओळ गेली.

नानांनी जाताना टेबलावरचा फ्लॉप्यांचा डबाही उचलला, आठ होत्या. मशीनच्या पेटीला मागे कुलूप असतं, त्याची किल्ली ह्यांच्या खिशात गेली. ह्यापुढे मशीन घरात माणूस असताना लावायचं, असं ठरलं. माणूस म्हणजे पुरुष.

बेबाबाई मागच्या दारी जाऊन राहिलेलं धुणं धुवायला बसली.

त्या वर्षी चातुर्मासात मी दोन नेम धरले होते. एक, खोटं बोलायचं नाही. दुसरा, सोमवारी सूर्य उगवल्यापासून सांजवातीपर्यंत मौन. आमच्या थोरलीचं जमावं म्हणून धरले होते, लपवत नाही.

त्याच संध्याकाळी ताट वाढताना ह्यांनी विचारलं, "गेलं ना सगळं? मला तर नुसती एक ओळ गेलेली दिसली." मला काय कळतं, असं म्हणता आलं असतं. पण मला कळत होतं, वहीत लिहिलेलं होतं, आणि कळत असून नाही म्हणणं म्हणजे खोटंच. मी सांगितलं. फक्त पहिल्या पानावरचा उतारा गेलाय, पीक जागेवर आहे. वर नवीन पेरलं नाही तर जाणकार माणूस काढून देऊ शकतो.

ह्यांनी हात धुतला आणि नानांना फोन लावला.

बुधवारी दुपारी नाना एकटे आले. क्लासच्या सरांना फोन करून आले होते. सरांनी सांगितलेलं एका चिठ्ठीवर उतरवून आणलं होतं. तितकाच भाग पुन्हा पाडायचा, तो साफ करायचा, आणि मग त्यात काहीही भरायचं, जागा संपेपर्यंत. भरायला काही नसेल तर विंडोजचंच बोचकं उचलून पुन्हा पुन्हा टाकायचं.

बेबाबाईनं चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे न बघता कामाला लागली.

एक बोचकं पोचायला बराच वेळ लागायचा. पडद्यावर एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात कागद उडताना दिसायचे. ते उडत असताना ती आत यायची. तिनं कळण्याच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं. नाना जेवायला थांबले. तिनंच वाढलं. "मिरची जरा जास्त झाली वं," ते म्हणाले. तिनं दह्याची वाटी आणून ठेवली आणि दुसरं बोचकं टाकायला गेली. तिसऱ्याच्या वेळी नाना पानाला चुना लावत होते. पाचव्याला त्यांना खुर्चीतच डुलकी लागली. सहाव्याला मी चहा केला. सातवं अर्धं गेलं आणि मशीन म्हणालं, जागा नाही.

"भरलं," ती म्हणाली.

नानांनी उठून पडद्यावर पाहिलं, सात वेळा विंडोज. "आता निघणार नाही?"

"नाही."

"तुझ्या भाकरी मात्र चांगल्या होतात," नाना जाता जाता म्हणाले.

संध्याकाळी ती चुलीपाशी आली. "वहिनी, वर पेरल्याशिवाय जात नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?"

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला नेमाचं सांगता आलं असतं.

पुढच्या सोमवारी दुपारी चुडामणभाऊ आले, चोपड्याहून एस.टी.नं, एकटे. हातात केळीची एक फणी. साठीच्या आतबाहेरचे, धोतर, डोक्याला टोपी. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, यादीवर जाऊ नको, बेबाबाईला विचार. हे जेवायला घरी आले होते. चुडामणभाऊंना बघून त्यांनी आतल्या खोलीतून फोन फिरवला. मला आवाज आला.

बेबाबाईनं पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लग्न कधी झालं, कुठे, किती महिने नांदली, आखाजी, सासूचं कार्ड. एक शब्द वाढवला नाही. "मीच त्याची बायको आहे, आबा. अजून आहे."

चुडामणभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ती फिरवत बसले.

"माय, तू म्हनस ते मी आयकं," ते म्हणाले. "पन लोके म्हंतस, तुन्या मशीनमा बठ्ठं शे, सगळं लिखेल शे. माले मशीनमा दखाड. मी घरना लोकेस्ले काय सांगू, एक बाईनी सांगं म्हनीसन?"

तेवढ्यात नाना दारात आले. स्कूटर लावून, दम न लागता.

"दाखवा ना त्यांना," नाना म्हणाले. "आपल्याकडे चोरी नाही. भाईदास, किल्ली द्या."

भाईदास म्हणजे आमचे हे. ह्यांनी किल्ली काढली. बेबाबाईनं मशीन लावलं. सुरू होईपर्यंत पंख्याचा आवाज तेवढा होता. तिनं डी उघडला. चुडामणभाऊ पुढे वाकले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सात ओळी सारख्याच आहेत एवढं दिसत होतं.

"हाई काय शे?"

"काही नाही, आबा. भरताड आहे. मागच्या रविवारी पुसलं."

"कोनी?"

"मी."

"तूच पुसं?" त्यांचा गोंधळ झाला. "खरं व्हतं तं पुसं कशाले?"

नाना हळूच म्हणाले, "चुडामणभाऊ, जिचं स्वतःचं जमलं नाही तिला सगळीच स्थळं वाईट दिसतात. तिचा तरी काय दोष. अभिमनशी बोलणं झालं होतं हिचं, ते पुढे सरकलं नाही. त्याला ही लग्न म्हणते."

बेबाबाईनं भावाकडे पाहिलं. "दादा."

हे किल्ली बोटात फिरवत होते. "झालं ते झालं," हे म्हणाले. "कोर्टात काही नोंद नाही त्याची."

ते खोटं नव्हतं. तेव्हा मांडवातल्या लग्नांची कोर्टात नोंद कोण करत होतं? माझीही नाही.

मग चुडामणभाऊ माझ्याकडे वळले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते. "वहिनी, तुमी देवधर्मन्या बाई. तुमी सांगा. व्हयेल शे का ह्या पोरनं लगन?"

सोमवार होता. मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांना लगेच समजलं. हात जोडले. "मौन शे का? ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. नेम मोडू नका."

मानेनं हो म्हणता आलं असतं. मौनात मान हलवायला बंदी नाही. वही मागायचीही गरज नव्हती. मी नुसती उभी राहिले आणि नानांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. नानांनी शब्द टाकला आणि आदल्याच दिवशी भुसावळचे पाहुणे थोरलीला बघून गेले होते. निरोप यायचा होता.

चुडामणभाऊ टोपी घालून उठले. दारापाशी जाऊन परत फिरले आणि बेबाबाईच्या डोक्यावर हात ठेवला. "माय, तुन्हं दुख मोठं शे. पन मनी पोरना घास काढू नको." मग नानांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. केळीची फणी टेबलावर राहिली.

सांजवात लावली तशी बेबाबाई देवघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आता बोलता येतं ना, वहिनी?"

"हो."

"मग बोला."

"काय बोलू?"

ती वाट बघत थांबली. वातीला काजळी आली होती, ती मी झाडली. थोड्या वेळानं ती गेली.

चार दिवसांत लताच्या साखरपुड्याची तारीख ठरली, दसऱ्यानंतरची. भुसावळहूनही होकार आला. यादी छापून झाली. अभिमनचं नाव त्यात होतं, पुढे विवाह प्रथम.

त्यानंतरच्या शनिवारी मी बेबाबाईला रेशन दुकानात पाठवलं होतं, रॉकेल आणायला. माणशी कोटा वाढला असं कोणीतरी सांगितलं होतं. ती कॅन घेऊन परत आली ती वेगळीच दिसत होती. कॅन खाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, माझं नाव आपल्या कार्डावर का नाही?"

"तुझं चढवलंच नाही कधी. धुळ्याचा नाव कमी केल्याचा दाखला लागतो. ह्यांनी दोनदा मागितला, त्यांनी दिला नाही."

"कमी केलंच नाही त्यांनी. दुकानदार म्हणाला, कमी केलं नसेल तर तिकडे तुमच्या नावाचं चालूच असेल. नऊ वर्षं माझी साखर, माझं रॉकेल ते उचलतायत." ती दाराच्या चौकटीला टेकली. "कार्डावर काय लिहिलं असेल? अभिमन, कुटुंबप्रमुखाचा मुलगा. आणि खाली मी, सून. सरकारी शिक्क्यानं."

मी काही बोलले नाही. त्या दिवशी शनिवार होता.

जेवताना तिनं ह्यांना सांगितलं, धुळ्याला जाऊन येते. कशाला तेही सांगितलं. ह्यांनी घास ताटात ठेवला. "थोरलीचं आत्ता कुठे जमलंय. नानांच्या शब्दावर जमलंय. गेलीस तर परत ह्या घरात येऊ नको."

"बरं," ती म्हणाली. आणि ह्यांच्या पानात आणखी भाकरी वाढली.

रविवारी लोक आले, यादी चाळून गेले, तिला कोणी काही विचारलं नाही. सोमवारी माझं मौन होतं. तिनं तिची दोन लुगडी आणि क्लासचं सर्टिफिकेट एका पिशवीत भरलं. केळ्यांची साल काळी पडली होती. त्यातली दोन तिनं वर ठेवली, बाकीची गायीला घातली.

मंगळवारी पहाटे मी तुळशीला पाणी घालत असताना ती मागच्या दारानं निघाली. भाकरी बांधून मागितली नाही, मी दिली नाही. मी विचारलं, "कुठे?"

म्हणाली, सातच्या गाडीनं धुळ्याला, तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेतून सासरच्या रेशन कार्डाची शिक्क्याची नक्कल काढायला. तिथून तशीच चोपड्याला, चुडामण आबांच्या घरी ती द्यायला.